नव्या तलावाचा पास काढण्याआधी फिल्टरखोलीत डोकावा

आधी निकाल सांगून टाकतो. सांगलीच्या या नव्या सार्वजनिक तलावात सकाळी ६ आणि ७ च्या बॅचला बिनधास्त जावं. संध्याकाळच्या बॅचचा पास, निदान एप्रिल-मेमध्ये तरी, काढू नये. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक कुणा एका ठेकेदाराची किंवा कार्यालयाची नाही, सरकारी पैशातून तलाव बांधण्याची जी रीत पडली आहे तिची आहे. शिवाय खाली दिलेली मापं घेऊन कुठल्याही गावच्या तलावावर गेलात तरी हीच तपासणी करता येते.

तलावाची गरज होती, यात वाद नाही. कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोरं पवायला शिकायची, ते दिवस गेले. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत आणि पाण्याचा रंग बघूनच माघारी फिरावं असे दिवस वर्षात बरेच येतात. त्यामुळे लोकवस्तीत, परवडणाऱ्या दरात, बायकांची वेगळी बॅच असलेला तलाव होणं ही चांगलीच गोष्ट झाली. प्रश्न पैसा कुठल्या कामावर पडला याचा आहे.

मुख्य तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, पाच लेनचा. उथळ टोकाला खोली १ मीटर, खोल टोकाला १.८. सरासरी १.४ धरली की पाणी ४ लाख ३७ हजार ५०० लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या ४४ खेपा. फरशी छान बसवली आहे, लेनच्या काळ्या रेघा सरळ आहेत, कोनशिलेचा ग्रॅनाइट तर आरशासारखा. सुरुवातीच्या उडीचे चौथरे मात्र उथळ टोकाला बांधले आहेत. स्पर्धेच्या नियमानुसार चौथऱ्यासमोर किमान १.३५ मीटर पाणी लागतं, इथे १ मीटर आहे. त्यावरून सूर मारला तर डोकं तळाला लागेल. ते चौथरे काढून टाकावेत, आणि काढेपर्यंत दोरी बांधून बंद ठेवावेत.

आता फिल्टरखोली. इथे एकच टाकी आहे, १४०० मिलिमीटर व्यासाची. टाकीच्या अंगावरच्या पट्टीवर हे माप कोरलेलं असतं, कुणाला विचारायची गरज नाही. या व्यासाला वाळूचं क्षेत्रफळ येतं १.५४ चौरस मीटर. सार्वजनिक तलावात वाळूच्या दर चौरस मीटरमधून ताशी २५ ते ३० घनमीटर (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर) पाणी सोडतात. त्याहून जोरात सोडलं तर घाण वाळूत अडकत नाही, आरपार जाते. ३० ने गुणलं तरी ताशी ४६ घनमीटर, म्हणजे सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला साडेनऊ तास. गर्दीच्या तलावात हेच काम ४ ते ६ तासांत व्हायला हवं.

त्यात पंप चालतो रात्री १० ते सकाळी ६. आठ तासांत ३६८ घनमीटर, म्हणजे तलावाचं पाणी दिवसात एकदाही पुरतं फिरत नाही. आणि ‘एकदा फिरलं’ म्हणजे सगळं गाळून निघालं असंही नसतं. गाळलेलं पाणी न गाळलेल्या पाण्यातच मिसळत असतं. त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जाऊन येतं, दोन फेऱ्यांत ८६ आणि तीन फेऱ्यांत ९५. पहाटे पाणी नितळ दिसतं आणि संध्याकाळी सहाला खोल टोकाच्या तळाची जाळी दिसेनाशी होते, त्याचं कारण हे. दिवसभर माणसं उतरत राहतात आणि पंप बिल वाचवायला बंद असतो.

गंमत म्हणजे पाया दोन टाक्यांचा घातलेला आहे. दुसऱ्या चौथऱ्यावर सध्या खराटा, दोन बादल्या आणि ब्लीचिंग पावडरची रिकामी पोती आहेत. तिथे अशीच टाकी आणि पंप आला की फेरी पावणेपाच तासांवर येते. म्हणजे ज्याने आराखडा काढला त्याला हिशेब कळत होता, दुसरी टाकी मान्यतेच्या वाटेवर कुठेतरी गळाली.

टाकीला दोन प्रेशर गेज असतात, पाणी आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक. दोन्हींतला फरक धुतलेल्या वाळूच्या वेळच्या फरकापेक्षा अर्धा किलोने वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची. इथल्या आतल्या बाजूच्या गेजचा काटा पंप बंद असतानाही १.२ वर उभा आहे. काच धुरकटलेली, आत पाणी. म्हणजे बॅकवॉश गेज बघून होत नाही, सोमवार बघून होतो. सुट्टीच्या आठवड्यात वाळू बुधवारीच भरते आणि ओस पडलेल्या आठवड्यात ५ हजार लिटर पाणी उगाच गटारात जातं. हे गेज काही शे रुपयांना मिळतं.

बॅकवॉशचीही एक मेख आहे. वाळू धुताना उलट्या दिशेने ताशी ४० मीटरच्या आसपास वेग लागतो, तरच वाळू फुलते आणि घाण सुटते. इथला पंप फार तर ३० चा वेग देतो. वाळू फुलतच नाही, तिच्यात तेल आणि केसांनी बांधलेले गोळे होतात आणि पाणी त्या गोळ्यांच्या मधल्या फटीतून पळतं. दुसरा पंप आला की धुताना दोन्ही पंप एका टाकीवर लावून, व्हॉल्व्ह थोडा आवळून, हवा तो वेग मिळवता येईल. तोवर निदान एवढं करावं: व्हॉल्व्ह फिरवण्याआधी पंप बंद, धुणं काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत (घड्याळ लावून पाच मिनिटं, दोन नाही), आणि नंतर एक मिनिट रिन्सचं, म्हणजे धुतलेल्या वाळूतून सुलट सोडलेलं, पाणी गटारात. रिन्स टाळला की पहिल्या झटक्यालाच इनलेटमधून (गाळलेलं पाणी तलावात सोडणाऱ्या तोंडातून) राखाडी ढग तलावात येतो. सोमवारी सकाळच्या बॅचला तो दिसतोच.

पाण्याचा सगळ्यात घाण भाग वरचा असतो, दोन-चार इंचांचा. तेल, थुंकी, केस, अंगाचा मळ सगळं तिथेच तरंगतं. म्हणून कडेने ओव्हरफ्लोचं गटर असतं आणि त्या गटरचं पाणी बॅलन्सिंग टँकमध्ये (कमी-जास्त होणारं पाणी सांभाळणाऱ्या टाकीत) पडून तिथून फिल्टरला जातं. या तलावाला गटर आहे, बॅलन्सिंग टँक नाही. गटरचा पाइप सरळ बाहेरच्या ड्रेनला जोडला आहे. साठ जणांची बॅच उतरली की प्रत्येकाच्या अंगाने साधारण ७० लिटर पाणी सरतं, एकूण ४ हजार २०० लिटर, पातळी १३ मिलिमीटरने चढते. तलाव काठोकाठ असेल तर हे पाणी औषधासकट गटारात. बॅच बाहेर आली की पातळी गटरच्या ओठाखाली उतरते आणि पुढच्या बॅचला वरचा थर तसाच मिळतो. मग पाणी वाचवायला म्हणून पातळी मुळातच दोन इंच खाली ठेवतात, म्हणजे गटर नुसतं शोभेला. खोल टोकाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी जो तेलकट तपकिरी पट्टा दिसतो तो याचाच. बोट फिरवून बघा.

औषधाचं काय चालतं तेही बघू. संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे गर्दीच्या तोंडावर, बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून कडेने फेकतात. पंप बंद असल्यामुळे ती फिरत नाही. एका कोपऱ्यात डोळे चुरचुरतात, दुसऱ्या कोपऱ्यात क्लोरीन शून्य. पावडरीतला चुना तळाला बसतो, त्यात इथलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यामुळे फरशीवर पांढरा थर आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ८ च्या वर. पीएच ७.२ असताना पाण्यातला दोन तृतीयांश मोकळा (घाणीशी न बांधला गेलेला) क्लोरीन जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे चौपट पैशाची पावडर ओतून एका पैशाचं काम. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६, हे दोन आकडे दर दोन तासांनी फळ्यावर लिहिलेले असले पाहिजेत. इथे फळा आहे, त्यावर उद्घाटनाच्या दिवशीचे आकडे आहेत.

तपासणीचं किटही चुकीचं आहे. पिवळा रंग येणारं ओटी किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात घाम-लघवीशी बांधला गेलेला निकामी क्लोरीनही आला. हवं ते डीपीडी किट, गुलाबी रंगाचं. पहिल्या गोळीला मोकळा क्लोरीन कळतो, तिसऱ्या गोळीनंतर एकूण, आणि दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेला. तो अर्ध्या पीपीएमच्या वर गेला की पाणी बदलायची किंवा जादा डोस द्यायची वेळ आली. एक खबरदारी: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटताच उडून जातो आणि पाणी पांढरं राहतं. ऑपरेटर म्हणतो ‘शून्य आहे’ आणि आणखी ओततो. शंका आली तर नमुन्यात चौपट साधं पाणी घालून पुन्हा तपासायचं आणि आकडा पाचाने गुणायचा.

लोकांचा एक समज पक्का आहे, की तलावाला क्लोरीनचा वास आला म्हणजे औषध जास्त पडलंय. बहुतेक वेळा उलटं असतं. तो वास बांधलेल्या क्लोरीनचा, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडल्याचा आणि माणसं अंघोळ न करता उतरल्याचा. इथे शॉवर चार आहेत, दोन चालू. पाय बुडवायची हौदी कोरडी. ‘काका, अंघोळ करून या’ असं कुणी दारावर म्हणत नाही. खरं तर सगळ्यात स्वस्त औषध तेच.

कपाटात टीसीसीएच्या (क्लोरीन सोडणाऱ्या दुसऱ्या एका औषधाच्या) गोळ्यांचे डबेही आहेत, ब्लीचिंगच्या पोत्यांना खेटून. हे आजच्या आज वेगळं करावं. ही दोन औषधं ओलसर जागी एकत्र आली तर पेट घेतात, स्फोटही होतो. एकाची बादली दुसऱ्याला वापरायची नाही. टीसीसीए वापरायला सोपं, पण त्यातून क्लोरीनला धरून ठेवणारं सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं. या तलावात रोज एक किलो टाकलं तर क्लोरीन २ पीपीएम मिळतो आणि सायन्युरिक सव्वा पीपीएमने वाढतं. दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात पंचाहत्तरच्या घरात, रोज दोन किलो टाकलं तर दीडशे. मग किट क्लोरीन दाखवतं, पण शेवाळ मरत नाही. त्यावर उपाय एकच, काही पाणी काढून ताजं भरणं. मोरचूद ओतून पाणी निळं करणं हा उपाय नाही. त्याने केस हिरवट होतात आणि फरशीवर डाग पडतात.

लहान मुलांचा तलाव वेगळा आहे, पण पाणी त्याच पाइपलाइनवर. म्हणजे तिथे झालेली घाण मोठ्या तलावात येते. उथळ, कोमट आणि गर्दीचं पाणी म्हणून त्याला दीड-दोन तासांची फेरी आणि स्वतःचा छोटा फिल्टर लागतो. घट्ट शी झाली तर ती जाळीने काढून, मोकळा क्लोरीन २ पीपीएमवर ठेवून अर्धा तास तलावात कुणाला उतरू दिलं नाही की भागतं. पातळ झाली तर मात्र दोन्ही तलाव बंद. काही जंतू साध्या क्लोरीनला दाद देत नाहीत, २० पीपीएमवर बारा-तेरा तास लागतात. इथे ही पाटी कुठेच नाही.

बांधकामाबद्दल सांगलीत एक गोष्ट वेगळी बोलावी लागते: काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हाताएवढ्या भेगा पडतात. तलावाच्या तळाखालची आणि भोवतालची काळी माती काढून मुरूम दाबून भरायचा असतो. तळाखाली तो भरलेला दिसतो, कारण तलावाचं बांधकाम शाबूत आहे. भोवतालच्या फिरायच्या फरशीखाली भरलेला नाही. पूर्वेकडची फरशी दोन बोटं उचलली आहे आणि रुपयाचं नाणं आपटलं की पोकळ वाजते. त्या सांध्यातून पावसाचं पाणी खाली मुरणार आणि दरवर्षी ती आणखी उचलणार.

याहून मोठा धोका तलाव पावसाळ्यात रिकामा करण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. पूर दारात आला नाही तरी जमिनीतलं पाणी चढतंच. रिकाम्या तलावाच्या तळाखाली पाणी एक मीटर चढलं की दर चौरस मीटरला एक टन उचल बसते. २०० मिलिमीटरच्या काँक्रीटच्या तळाचं वजन असतं अर्धा टन. तळ उचलतो, फुटतो, आणि मग दुरुस्तीला नव्या तलावाइतकाच पैसा लागतो. इथे तळात उचल सोडणारा व्हॉल्व्ह दिसत नाही. तेव्हा जून ते ऑक्टोबर तलाव भरलेलाच ठेवायचा, रंगरंगोटी आणि फरशीची कामं फेब्रुवारीत. कोपऱ्यात जमिनीत एक जाळीचा पाइप पुरून त्यात दोरी सोडून भूजल मोजता येतं, खर्च किरकोळ आहे.

गळती आहे का, हे बादलीने कळतं. पायरीवर बादली ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पातळीला भरायचं, दोन्हीकडे खूण करायची, २४ तास कुणी उतरायचं नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ६ ते ८ मिलिमीटर पाणी दोन्हीकडे उतरेल, म्हणजे या तलावात साधारण दोन-अडीच हजार लिटर. तलावात बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा करा. चालू असतानाच जास्त उतरत असेल तर दोष बहुधा पाइपात आहे, तलावात नाही.

आता पैसा. असे तलाव एका निधीतून क्वचितच होतात. जिल्हा वार्षिक योजना, क्रीडा विभागाचं अनुदान, नगरोत्थान, कुठे खासदार निधी, असं जोडत जोडत अंदाजपत्रक भरतं. यातलं जवळजवळ सगळं बांधायला मिळतं, चालवायला नाही. खासदार निधीतून तर देखभालीचा खर्च करताच येत नाही. आणि अंदाजपत्रकात खोदाई, काँक्रीट, फरशी, रंग यांचे दर दरसूचीत (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) तयार असतात. फिल्टर, डोसिंग पंप (औषध मापाने सोडणारा), फ्लो मीटर (पाण्याचा प्रवाह मोजणारा) या बाबी दरसूचीबाहेरच्या, त्यांना कोटेशन, दर पृथक्करण, वरची मान्यता. रक्कम बसवायची वेळ आली की कात्री तिथेच लागते. फरशी कमी केली तर दिसते, दुसरी फिल्टर टाकी कमी केली तर मे महिन्यापर्यंत कुणाला कळत नाही.

दुसऱ्या टप्प्याच्या यादीत पत्र्याचं छत, प्रेक्षक गॅलरी आणि प्रवेशद्वाराची कमान आहे. त्याऐवजी क्रम असा हवा: दुसरी टाकी आणि पंप, २० घनमीटरचा बॅलन्सिंग टँक, क्लोरीन आणि ॲसिडचे दोन वेगळे डोसिंग पंप, एक फ्लो मीटर, मुलांच्या तलावाचा वेगळा फिल्टर. छत नंतर. बॅलन्सिंग टँकचा २० चा आकडा हवेतला नाही: बॅचचं सरलेलं पाणी सव्वाचार, एका बॅकवॉशचं पाच, लाटांचं आणि गटरमधलं चारेक, पंपाने हवा ओढू नये म्हणून तळात तीन, वर थोडी मोकळी जागा.

चालवण्याचा हिशेब उघडाच आहे. दुसरा पंप आला असं धरून दोन्हींचे मिळून १५ एचपी, चौदा तास, म्हणजे दिवसाला दीडशे-एकशे साठ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ४५ ते ५० हजार. चार जीवरक्षक, दोन ऑपरेटर, दोन सफाईचे, एक तिकिटावर, माणशी १५ हजार धरले तर १ लाख ३५ हजार. औषधं आणि दुरुस्ती वेगळी. ७०० रुपयांचा मासिक पास धरला तर बारमाही तीनशे पास लागतात. उन्हाळ्यात ते सहज जातील, पण जुलैत आणि डिसेंबरच्या थंडीत शंभरही जाणार नाहीत. ही तूट कुठल्या लेखाशीर्षातून भरायची हे बांधण्याआधी ठरवायला हवं होतं. ते ठरलं नाही, म्हणून दिवसाचा पंप बंद.

बाकी थोडक्यात. जीवरक्षक बॅचला दोन आहेत, चांगले पोहतात, पण एक बहुतेक वेळ शिकवणीत गुंतलेला. शिकवणारा माणूस जीवरक्षक म्हणून मोजायचा नसतो. त्यांना गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं प्रशिक्षण द्यावं. तळाच्या जाळ्या दोन आहेत आणि एकमेकींपासून लांब आहेत, हे उत्तम, पण एकीचे दोन स्क्रू गायब आहेत. सुट्या जाळीत केस ओढले जाऊ शकतात, म्हणून लांब केसवाल्या मुलींनी तिथे बुडी मारू नये. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर बाहेर, बरोबर काम. कपडे बदलायच्या खोल्या स्वच्छ, बायकांकडे कड्या नीट, लॉकरला कुलूप आपलं न्यायचं. दुपारची महिलांची बॅच सगळ्यात शिस्तीची चालते आणि तेव्हा गर्दीही कमी असते.

दोषदायित्वाचा कालावधी (कामातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ) अजून संपलेला नाही, म्हणजे ठेकेदाराची अनामत अडकलेली आहे. उचललेली फरशी आणि बिघडलेला गेज यांची तक्रार त्याआधी लेखी जायला हवी. सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून: मंजूर अंदाजपत्रकातली फिल्टरेशन प्लँटची बाब, मोजमाप पुस्तिकेतली तिची नोंद आणि पाणी भरून घेतलेल्या गळती चाचणीचा अहवाल. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात एवढंच नेमकं मागा. ‘तलावाची संपूर्ण माहिती’ असं लिहिलंत तर शेकडो पानांचे, पानाला दोन रुपयांप्रमाणे, पैसे भरा म्हणून पत्र येतं आणि फिल्टरचं पान नेमकं त्यात नसतं.